खाणबंदीतले एक घर : बचतीचा पल्ला कुठपर्यंत पोहोचतो?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या, लोहखनिजाच्या वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या एका गावातले हे घर. आई, दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडे. अंगण एक, चुली दोन. आई एक महिना थोरल्याकडे जेवते, एक महिना धाकट्याकडे. थोरल्याचे ट्रक होते. धाकटा एका खाण कंपनीत वजनकाट्यावर नोकरीला होता. आईकडे घरामागचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा संकट तिघांवर एकदमच आले, पण पुढची दहा-बारा वर्षे तिघांची तीन तऱ्हांनी गेली. घराची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील सैल ठेवले आहेत.

गावाने यावर केव्हाच निकाल देऊन टाकला आहे. थोरल्याने उधळले, धाकटा शहाणा निघाला, म्हातारी जुन्या वळणाची म्हणून काटकसरी. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. दोन्ही भावांच्या वह्या, पासबुके आणि कर्जाचे कागद पाहिल्यावर तर तो चुकीचाच आहे अशी माझी खात्री झाली. बचत हा माणसाच्या अंगचा गुण धरून मोजायला गेलो की हे घर समजत नाही. ज्याच्यासाठी पैसे राखायचे त्या काळाला तारीख आहे का, रक्कम ठरलेली आहे का, आणि राखले नाहीत तर चारचौघांत उघडे पडते का, असे विचारायला लागलो की मग एकेक गोष्ट जागेवर बसते.

थोरल्याच्या वह्या

पहिला ट्रक त्याने २००४ मध्ये जुना घेतला. पूर्वी मुख्यतः जपानला जाणारे गोव्याचे खनिज त्या वर्षांत चीनकडे वळले होते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आधी तिकडे बांधकामाची जी लाट आली, तिने गोव्यातल्या कमी प्रतीच्या मालालाही गिऱ्हाईक मिळवून दिले. खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रक, धक्क्यावरून बार्ज, बार्जमधून मुरगाव बंदर. ट्रकमालकाला पैसे मिळत ते खेपेवर. २०१०-११ मध्ये राज्यातून झालेली निर्यात ५ कोटी टनांच्या घरात होती. थोरल्याने २००८ मध्ये दुसरा ट्रक घेतला, २०११ मध्ये तिसरा. दोन्ही नवे, दोन्ही कर्जावर.

आता त्याच्या वह्यांत काय दिसते ते पाहा. पावसाळ्यात ही वाहतूक जवळजवळ थांबायची. जून ते सप्टेंबर खेप नाही, पण हप्ता आहे, ड्रायव्हर टिकवायला अर्धा पगार आहे, शाळेची फी आहे, सीझन उघडण्याआधी टायर आणि विमा आहे, आणि शेवटी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आहे. फेब्रुवारी उजाडला की दर बिलातून एक रक्कम बाजूला निघायची आणि थोरल्या सुनेच्या हाती जायची. तिने ती कुठे ठेवली हे तो विचारत नसे. २००५ ते २०१२ या काळात एकाही पावसाळ्यात हप्ता चुकलेला नाही, सावकाराची पायरी चढावी लागलेली नाही. गोवेकर म्हणजे सुशेगाद, त्याला उद्याची फिकीर नाही, असे जे सरसकट बोलले जाते त्याने ही एक वही तरी उघडून पाहावी.

माणूस पुढच्यासाठी पैसे का राखत नाही, या प्रश्नाचे अर्थशास्त्रातले नेहमीचे उत्तर असे की माणसाला आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा फार जड वाटतो, आणि हे जडपण जवळच्या काळात सर्वांत जास्त असते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८१ मध्ये लोकांना विचारले होते : आत्ता मिळणारे १५ डॉलर सोडून थांबायचे असेल तर किती हवेत? मधोमध येणारी उत्तरे अशी होती : महिनाभर थांबायला २०, वर्षभराला ५०, दहा वर्षांना १०० डॉलर. वार्षिक दरात मांडले तर महिनाभर थांबण्याची किंमत ३४५ टक्के पडते, दहा वर्षे थांबण्याची फक्त १९. अभ्यास मोलाचा आहे. पण थोरल्याला तो पुरता लागू पडत नाही. नुसती अधीरता हेच कारण असते तर फेब्रुवारीत, ऐन कमाईच्या दिवसांत, चार महिन्यांनंतरच्या पावसासाठी त्याने पैसे काढले नसते. पाऊस त्याला दिसत होता. किती महिने, किती हप्ते, किती फी, सगळे ठाऊक होते.

त्याचा पल्ला पावसापाशी संपत होता, ही खरी अडचण. मे महिन्याच्या अखेरीस जे उरे ते पुढच्या ट्रकच्या सुरुवातीच्या भरण्यात जाई. ट्रक हीच आपली बचत, असे तो म्हणे. त्यात चैन नव्हती. कर्ज काढून ट्रक घेणारा माणूस भविष्याकडे पाठ फिरवलेला नसतो. उलट पुढची पाच वर्षे गेल्या पाच वर्षांसारखीच जातील यावर त्याने सगळे लावलेले असते. शिवाय खेपेचे पैसे हातात पडत त्यात ट्रकची झीजही मिसळलेली असे. दर खेपेत ट्रक थोडा थोडा विकला जात होता, पण वहीत झिजेचा रकाना कुठेच नाही. कमाई आणि भांडवल एकाच खिशात पडत होते.

भांडे रिकामे असताना

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेल्यावर १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवण्याचा आदेश काढला. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम आणि वाहतूक दोन्ही थांबवली. त्या वर्षी चवथ होती १९ सप्टेंबरला.

या तारखा मुद्दाम जवळजवळ मांडल्या आहेत. पावसाळ्याची राखण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अगदी तळाला गेलेली असते. जायलाच हवी, ती त्याच हिशेबाने केलेली असते. टायर बदलून झाले होते, विमा भरून झाला होता, ट्रक ऑक्टोबरसाठी सज्ज उभे होते. बंदी जानेवारीत आली असती तर त्याच माणसाच्या हाती चार-पाच महिन्यांचा पैसा असता आणि गावाने त्याला दूरदर्शी म्हटले असते. गावाच्या नजरेत तो उधळ्या ठरला त्यात स्वभावाचा वाटा किती आणि तारखेचा किती, याचा विचार कोणी केलेला मला आढळला नाही.

त्या चवथीला त्याने बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधली, नेवऱ्या झाल्या, मुंबईहून आलेले चुलते पाच दिवस जेवले. याच खर्चावरून लोक त्याला आजही बोल लावतात. मी नाही लावणार. चवथीला घर उघडे ठेवणे ही त्याच्या घराण्याची चार पिढ्यांची ओळख आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत मुलांच्या फीचे पैसे याच चुलत्यांनी दिले. नात्यांत घातलेला पैसा पासबुकात दिसत नाही, म्हणून तो खर्चाच्या बाजूला लिहून मोकळे होणे मला पटत नाही.

खरे नुकसान झाले ते त्यानंतर, वाट पाहण्यात. तीन ट्रक, त्यांतल्या दोघांचे हप्ते चालू, महिन्याला ५० हजारांवर जाणारे. अगदी पहिल्या दोन महिन्यांत दोन ट्रक विकले असते तर कर्ज बहुतांश फिटले असते. पण दर थोड्या दिवसांनी बातमी येई : पुढच्या महिन्यात सुरू होणार, सुनावणी लागली आहे, साठा केलेल्या मालाचा लिलाव होणार. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, पण परवानग्यांचे सोपस्कार होऊन खाणी प्रत्यक्ष हलायला २०१५ चा उत्तरार्ध उजाडला, आणि खेपा पूर्वीच्या तुलनेत फारच थोड्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प. सरकारने ट्रकमालकांसाठी मासिक मदत दिली, कर्जफेडीची योजनाही आणली. तिचा उपयोग झाला, पण तिच्यामुळेही वाट पाहणे लांबत गेले.

बंदी तीन वर्षे चालणार असे कोणी २०१२ मध्येच सांगितले असते तर थोरला त्याच आठवड्यात हिशेबाला बसला असता. जिथे किती थांबायचे ते कळत नाही, तिथे आज सोडून देणे म्हणजे कालपर्यंतचे थांबणे फुकट गेले असे वाटते, म्हणून माणूस आणखी थांबतो. अंगणात ट्रकांवर गंज चढत होता. एक २०१६ मध्ये पडेल भावाने गेला, दुसरा पुढे भंगारात.

या काळात त्याने काही फार वाईट निर्णय घेतले, जसे एका हप्त्यासाठी दुसरे महाग कर्ज. इथे तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवतो. त्याच शेतकऱ्यांची तोडणीआधी, पैशाच्या ओढीत असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर, अशी दोनदा तर्काची चाचणी घेतली होती. आधीचे गुण नंतरच्यापेक्षा स्पष्टपणे कमी आले. माणूस तोच, डोके तेच. ओढाताण असली की मन सगळे आजच्या भोकाला ठिगळ लावण्यात गुंतते, आणि लांबचे पाहायला जागा उरत नाही. २०१३ सालची थोरल्याची वही उघडली की हेच दिसते : पूर्वी महिन्यांचे हिशेब लिहिणारा माणूस दिवसांचे लिहू लागला आहे.

धाकट्याचे शहाणपण

धाकट्याचे प्रकरण थोडक्यात सांगता येते. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार, त्यातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के भविष्यनिर्वाह निधीत, तेवढाच भरणा कंपनीचा. बंदीतही त्याचा पगार बराच काळ चालू राहिला. त्याच्या खात्यात निधीखेरीज स्वतःहून केलेली बचत मात्र मला जवळपास सापडली नाही. २०११ मध्ये त्याने कर्जावर गाडी घेतली होती, पगार विसाव्या तारखेला संपत असे.

२०१८ नंतर नोकरी सुटली आणि दोन महिन्यांनी निधीची सगळी रक्कम हाती आली. सोळा वर्षांची ती राखण अडीच वर्षांत निम्म्याहून खाली आली : घरावर स्लॅब, नवे फर्निचर, मेव्हण्याच्या धंद्याला उसने. पैसे कुलपात होते तोवर ते म्हातारपणाचे होते. कुलूप निघाले आणि ते नुसते आलेले पैसे झाले. दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही; शहाणपण होते ते त्या कुलपात, एवढेच दाखवायचे आहे. फिलिपिन्समधल्या एका ग्रामीण बँकेने ग्राहकांना असे खाते देऊ केले होते, ज्यातले पैसे स्वतःच ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठल्याशिवाय काढता येणार नाहीत. २००६ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात, खाते देऊ केलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी ते घेतले, आणि वर्षभरात खाते देऊ केलेल्या गटाची बचत इतरांच्या तुलनेत सरासरी ८१ टक्क्यांनी वाढली. जास्त व्याजाचे आमिष त्यात नव्हते. आपले हात आपणच बांधून घ्यायला लोक तयार असतात, हे थोरल्याने पावसाळ्याचे पैसे बायकोच्या हाती देऊन केव्हाच दाखवले होते.

आईचा मे महिना

या घरात सर्वांत लांबचे कोणाला दिसते असे विचाराल तर मी आईकडे बोट दाखवीन, आणि ती कधी हिशेब लिहीत नाही.

मे महिन्यात पुरमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, भरायचे. उकडे तांदूळ, जाडे मीठ, सुकी मिरची, चिंच, सोले (आमसुले), सुके बांगडे आणि सुंगटे (कोळंबी), नारळ, घरी घातलेले फणसाचे पापड. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला ६१ दिवस बंदी असते, ताजी मासळी महागते. पूर्वी तर नदीनाले भरले की बाजाराची वाटच बंद व्हायची. किती मिरची, किती सोले हे तिला माणसांच्या संख्येवरून पाठ आहे. भांडे अर्धे राहिले तर ते डोळ्यांना दिसते, आणि शेजारीण विचारते. २०१३ च्या मे महिन्यात, घरात रोख पैसा नसताना, तिने सुपारी विकून पुरमेंत भरले. त्या पावसाळ्यात दोन्ही चुली त्यावर चालल्या.

ही झाली चार महिन्यांची दृष्टी, थोरल्याएवढीच. पण साठी उलटल्यावर तिने कुळागरात सुपारीची नवी रोपे लावली. सुपारी धरायला पाच ते सात वर्षे लागतात. आपण असू की नसू हा विचार तिच्या बोलण्यात आला नाही; कुळागर सासऱ्याने लावले होते, तेव्हा पुढचे आपण लावायचे. कुळागरातला काळ तिला पिढ्यांनी मोजता येतो, कारण तिथे मागची पिढी झाडांच्या रूपाने समोर उभी आहे.

आणि हीच बाई आजारपणासाठी एक पैसा राखत नाही. पिग्मीवाला रोज दारात येतो, त्याच्याकडे साठते ते चवथीला संपते. तांदळाच्या डब्यात लपवलेल्या पाचशेच्या नोटा नोव्हेंबर २०१६ मध्ये मुलांना दाखवाव्या लागल्या, तेव्हा त्या कशासाठी होत्या हे तिलाही नेमके सांगता आले नाही. आजारपणाला तारीख नाही, रक्कम नाही, आणि त्याचे पुरमेंत भरले की नाही हे शेजारणीला दिसत नाही.

घरापलीकडे

थोरल्याला बोल लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खनिज हे पीक नव्हे. एकदा जहाजात गेले की परत उगवत नाही. ते विकून येणारा पैसा म्हणजे भांडवल मोडून आलेला पैसा. तो चालू वर्षाच्या खर्चात घालणारे राज्य आणि झिजेचा रकाना न ठेवणारा ट्रकमालक यांच्यात तत्त्वतः काय फरक? २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत बाजूला ठेवायला सांगितली, पुढच्या पिढ्यांचा हिस्सा म्हणून. मला तो निकालातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. ज्या माणसांचा अजून जन्मच झालेला नाही त्यांच्या नावाने एक खाते उघडले गेले, आणि ते कोणाच्या सद्गुणावर न सोडता आदेशाने उघडले गेले. त्याची चर्चा आमच्या तालुक्यात खाणी कधी सुरू होणार या चर्चेच्या शतांशानेही होत नाही.

नावे दिलेली खाती

बदल घडवला तो थोरल्या सुनेने. गावातल्या बचत गटात ती हिशेब ठेवू लागली आणि तिथली रीत तिने घरी आणली. थोरल्याच्या उरलेल्या ट्रकवर आता चिरे, खडी, माती अशी कामे असतात. मोपा विमानतळाच्या कामाच्या वर्षांत त्याला बऱ्यापैकी खेपा मिळाल्या. तिने ठरवले की खेपेचे पैसे आले त्याच संध्याकाळी वाटे पडायचे. जूनची शाळा, फेब्रुवारीचा विमा, टायर, चवथ, मुलीच्या पदवीचे शेवटचे वर्ष. प्रत्येकाला स्वतंत्र आरडी किंवा ठेव, प्रत्येकावर महिना आणि रक्कम लिहिलेली. ज्या खात्याला नाव आणि महिना आहे ते भरते. मुलीची पदवी कर्जाविना पूर्ण झाली.

नाव नसलेले मात्र भरत नाही. "पुढे लागतील" म्हणून उघडलेले एक खाते दोनदा रिकामे झाले. म्हातारपणासाठी अटल पेन्शन योजना पाहिली, तर तिला वयाची अट १८ ते ४०. ती २०१५ मध्ये आली तेव्हाच थोरला चाळिशीपार होता. धाकटी सून वेळेत शिरली. साठीनंतर तिला ठरलेली रक्कम महिन्याला मिळेल, हप्ता बँकेतून आपोआप जातो आणि तिला त्याची आठवणही राहत नाही. धाकट्याला तेव्हा एकच वर्ष हातात होते. भविष्यनिर्वाह निधी आहे की, म्हणून त्याने ते जाऊ दिले.

डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि गावात पुन्हा फायनान्सवाले फिरू लागले. थोरल्याला नव्या ट्रकचे कर्ज सहज मिळते आहे. या वेळी त्याने दोन गोष्टी मागितल्या : वर्षाला किती खेपा मिळतील हे लेखी, आणि करार किती वर्षांचा हेही लेखी. दोन्ही मिळालेले नाही. सुनेने एक खाते वाढवले आहे आणि त्याचे नाव ठेवले आहे "बंदी". त्यात बारा हप्त्यांएवढी रक्कम साठल्याशिवाय नवा ट्रक घ्यायचा नाही, असे दोघांत ठरले आहे. आजवर सात हप्त्यांएवढी साठली आहे. निवृत्तीसाठी एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, अर्जही भरून ठेवला आहे, कारण तिथे त्याच्या वयाला अजून दार उघडे आहे. पहिला भरणा व्हायचा आहे.